इअरबड्स आणि कानातली शिट्टी : दोष वायरलेसचा नाही, आवाजाचा आणि तासांचा

लासलगाव (ता. निफाड) : रात्री दिवा मालवला, घर शांत झालं, की कानात बारीक शिट्टी वाजायला लागते. कुणाला रातकिडे किर्र करतात तसं वाटतं, कुणाला लांबच्या मळ्यात मोटर चालू असल्यासारखं. शेजारी झोपलेल्या माणसाला मात्र काहीच ऐकू येत नाही. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितलेत, त्यात 'कर्णनाद' आहे. आपल्याकडं 'कान वाजतात' एवढं म्हटलं की भागतं. म्हणजे दुखणं जुनंच आहे. नवीन एवढंच, की आधी ही तक्रार म्हाताऱ्या माणसांकडून ऐकायला यायची, आता वीस-बावीसची पोरं करतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या कानात सकाळपासून रात्रीपर्यंत इअरबड्स असतात.

त्यावरून पारावर एक समज पक्का झालाय, की ब्लूटूथच्या लहरी डोक्यात शिरतात आणि त्याने कान वाजतात. वायरवाला इअरफोन घेतला की धोका गेला, असं समजून काही जणांनी बड्स बदललेही. हा समज आधी बाजूला ठेवायला पाहिजे, कारण त्याच्यामुळे खरं कारण तसंच राहतं. बड्समधला ब्लूटूथ काही मिलीवॅट ताकदीवर चालतो. कानाला लावून बोलतो तो मोबाईल टॉवरशी बोलताना त्याच्या कितीतरी पट जास्त ताकद वापरू शकतो. ब्लूटूथच्या लहरींनी कान वाजायला लागतात असं दाखवणारा भक्कम पुरावा आजवर पुढे आलेला नाही. वायर असो नसो, कानाला फरक पडतो तो आवाज किती मोठा आणि किती तास, याचाच.

मग बड्सच का नावाला लागले? तर वायर नसल्यामुळे ते कानातून निघतच नाहीत. वायरवाला इअरफोन फवारणी करताना अडकायचा, निंदणीत ओढला जायचा, म्हणून माणूस काढून ठेवायचा. बड्स डबीत दहा मिनिटं ठेवले की पुन्हा चार्ज. एक तास ऐकायची सवय होती ती आठ तासांवर कधी गेली, कळतच नाही.

कानात नेमकं काय बिघडतं

कानाच्या पडद्याच्या आत, हाडात बसलेला गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाची लाट आली की त्या पेशींवरचे बारीक केस वाकतात आणि तो निरोप नसेतून मेंदूकडे जातो. गव्हाच्या उभ्या पिकात वारा शिरला की लोंब्या वाकतात, वारा पडला की सरळ होतात, तसंच समजा. पण गारपीट झाली तर पीक आडवं होतं आणि पुन्हा उठत नाही. मोठा आवाज, जास्त वेळ, रोजच्या रोज, ही कानासाठी गारपीट. फरक इतकाच की गहू पुढच्या रब्बीला पुन्हा पेरता येतो. माणसाच्या केसपेशी मेल्या की नव्या येत नाहीत. गंमत म्हणजे कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, हे शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलंय. आपल्याला ती सोय नाही.

बारीक, उंच आवाज पकडणाऱ्या पेशी आधी मरतात. ४ हजार हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो. रोजचं बोलणं बऱ्यापैकी ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला वाटतं कान ठीक आहेत. इकडं मेंदूकडे त्या सुरांचे निरोप येणं कमी होतं. स्टेशन नीट लागत नसलं की आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि मग खरखरच जास्त ऐकू येते. मेंदू तसंच काहीसं करतो, असं संशोधक मानतात. ती खरखर म्हणजे कानातली शिट्टी. म्हणून 'कानात काहीतरी वाजतंय' असं वाटलं तरी बऱ्याचदा वाजवणारा मेंदू असतो.

काही पोरांची कानाची तपासणी एकदम नॉर्मल येते, तरी शिट्टी थांबत नाही, आणि घरचे म्हणतात हा सोंग करतोय. तसं नसतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कुजावा आणि लिबरमन या दोन संशोधकांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची ऐकण्याची पातळी जागेवर आली, पण केसपेशी आणि नस यांना जोडणारे बारीक सांधे काही भागात निम्म्यापर्यंत कायमचे गेले होते. नेहमीच्या तपासणीत ही तूट दिसत नाही. माणसातही असंच होत असावं, असा अंदाज आहे.

घाबरून जाऊ नये म्हणून एक गोष्ट इथंच सांगतो. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी नीट ऐकू येणाऱ्या ८० माणसांना आवाज अजिबात न येणाऱ्या खोलीत पाच-पाच मिनिटं बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचं सांगितलं. म्हणजे अगदी शांततेत थोडंसं कान वाजणं जवळजवळ प्रत्येकाला होतं. बाहेरचा आवाज कापणारे, म्हणजे नॉईज कॅन्सलिंगचे बड्स घातल्या-घातल्या ज्यांना कानात शिट्टी ऐकू येते, त्यांच्यातल्या अनेकांची शिट्टी आधीचीच असते. बाहेरचा गोंगाट गेला म्हणून ती उघडी पडली. आठवड्यातून एखाद्या वेळी दोन-चार सेकंद एका कानात 'टुंई' होऊन थांबलं, तर त्याचीही काळजी नको. रोज होतंय, किंवा एका वेळी पाच मिनिटांच्या वर टिकतंय, तर मात्र दखल घ्यायची.

ट्रॅक्टर, डीजे आणि वरून बड्स

आता आपल्या भागाचा हिशेब बघू. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल धरली आहे. पण डेसिबलचा हिशेब आपल्या किलो-क्विंटलसारखा सरळ नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते आणि ऐकायचा वेळ निम्मा करावा लागतो. म्हणून ९० डेसिबलला आठवड्याचे ४० तास उरत नाहीत, ४ तास उरतात. १०० डेसिबलला अख्ख्या आठवड्यात वीस-पंचवीस मिनिटं. आणि बरेच बड्स पूर्ण आवाजावर १०० च्या आसपास सहज जातात.

बिनकेबिनचा ट्रॅक्टर रोटाव्हेटर मारत असतो तेव्हा चालकाच्या कानाशी ९० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, सायलेन्सर फुटका असेल तर त्याच्याही वर. म्हणजे नुसत्या ट्रॅक्टरनेच चार तासांत आठवड्याचा कोटा संपतो. त्यात गाणं ऐकू यायचं तर गाणं ट्रॅक्टरच्या वर चढवावं लागतं. पोरगं बड्सचा आवाज शेवटच्या टोकाला नेतं आणि त्याला तो मोठा वाटतही नाही, कारण ट्रॅक्टर त्याला झाकतो. कानाला मात्र दोन्ही मिळून बसतात. थ्रेशर, फवारणीचा ब्लोअर, कडबाकुट्टी, सगळीकडं हाच हिशेब. द्राक्षबागेत ब्लोअर मारणाऱ्यांनी तर विशेष लक्ष द्यावं, हंगामात ते रोजचंच काम होतं.

यावर काहींचं म्हणणं असतं, की बड्स कानात घट्ट बसतात म्हणजे ट्रॅक्टरचा आवाज तरी अडतो. थोडा अडतो, खोटं नाही. पण गाणं चालू केलं की अडलेलं सगळं परत आत जातं. यंत्रावर कान वाचवायचेत तर फोमचे इअरप्लग मिळतात, काही रुपयांना जोडी. बोटांनी बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत दाबून धरायचे. नीट बसले तर १५-२० डेसिबल सहज कापतात. कापसाच्या बोळ्याने फारसं काही होत नाही.

लग्नसराईत आणि गणपतीत डीजेचीही भर पडते. डीजेपुढे नाचून आल्यावर कान बधिर होतात, दडे बसल्यासारखं वाटतं, रात्रभर शिट्टी वाजते आणि सकाळपर्यंत ओसरते. तो कानाने दिलेला इशारा असतो. दुसऱ्या दिवशी कानांना सुट्टी द्यायची, बड्स डबीतच ठेवायचे. आपण नेमकं उलटं करतो. कमी ऐकू येतंय म्हणून आवाज अजून दोन घरं वाढवतो.

बाजार समितीत कांद्याची गाडी घेऊन लिलावाच्या रांगेत तास-तास बसावं लागतं, तिथं वेळ जायला गाणी ऐकली तर कुणाची हरकत नाही. इंजिन बंद असतं, कमी आवाजातही ऐकू येतं. भांडण बड्सशी नाही, गोंगाटावर चढवलेल्या बड्सशी आहे.

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यांना पत्र पाठवून इअरफोन-हेडफोनचा वापर दिवसाला दोन तासांच्या आत आणि आवाज ५० डेसिबलच्या आत ठेवायला लोकांना सांगा, असं कळवलं होतं. ५० डेसिबल म्हणजे घरात हळू आवाजात बोलण्याइतका आवाज. एवढ्या आवाजात ट्रॅक्टरवर एक शब्द ऐकू येणार नाही. म्हणजे त्या पत्राचा आपल्यापुरता अर्थ सरळ आहे : चालू यंत्रावर बड्स नकोत.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी वाचावं

पहाटे विंचूर रोडला किंवा शाळेच्या ग्राउंडवर पळणारी पोरं बघा. दर दुसऱ्याच्या कानात बड्स, आणि जोश यावा म्हणून गाणी फुल्ल. सैन्य भरतीच्या मेडिकलमध्ये कान तपासतात. तपासणाऱ्याकडे पाठ करून सुमारे सहा मीटरवरून केलेली कुजबुज प्रत्येक कानाने वेगवेगळी ऐकू यावी लागते. कानाचा पडदा फाटलेला किंवा कान वाहता असेल तरी अडचण येते. रेल्वेत लोको पायलट व्हायचं असेल तर तिथली वैद्यकीय तपासणी आणखी कडक. चार वर्षं पळून, छाती भरवून, कानाशी येऊन अडकायचं, हे कुणाच्याही घराला परवडणारं नाही. पळताना गाणी लागतच असतील तर एकाच कानात नको, दोन्हीत पण हळू. एकात घातलं की माणूस आपोआप आवाज वाढवतो. रस्त्याच्या कडेला पळत असाल तर मात्र अजिबातच नको.

याच ओघात आणखी एक. आपल्या गावातून मुंबई-भुसावळ रेल्वेमार्ग जातो. विजेवरच्या गाड्या फारसा आवाज न करता जवळ येतात. रूळ ओलांडताना कान मोकळे पाहिजेत. आणि रात्रीच्या लाईटला पाणी भरायला जाताना, निफाड तालुक्यात बिबट्या कुठल्या उसातून निघेल सांगता येत नाही. कुत्रं भुंकायचं थांबलं, पाचट वाजलं, हे कानालाच कळतं. सोबतीला आवाज पाहिजे तर मोबाईल खिशात ठेवून स्पीकरवर लावा. बिबट्यालाही माणूस आहे हे कळलेलं बरं.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी स्वतः जाहीर केलं, की विमानातून उतरताना त्यांना अचानक काही ऐकू येईनासं झालं. विषाणूच्या हल्ल्यामुळे श्रवणाच्या नसेचं दुर्मिळ दुखणं झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांचं दुखणं हेडफोनमुळे झालं असं कुणी म्हटलेलं नाही, पण त्याच निवेदनात त्यांनी चाहत्यांना आणि तरुण सहकाऱ्यांना फार मोठ्या आवाजापासून आणि हेडफोनपासून सांभाळून राहायला सांगितलं. आपण यातून घ्यायची गोष्ट 'अचानक' या शब्दात आहे. एका किंवा दोन्ही कानांनी तीन दिवसांच्या आत ऐकू येणं एकदम कमी झालं, मग सोबत शिट्टी असो नसो, तर ती तातडीची केस असते. स्टेरॉईडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, जितके लवकर तितके उपयोगी. 'सर्दीने कान बसला असेल' म्हणून महिना घालवला तर गेलेलं ऐकू येणं परत मिळण्याची आशा फार कमी होते.

फक्त एकाच कानात सतत आवाज येणं, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धप-धप येणं, सोबत चक्कर येणं किंवा तोंड वाकडं होणं, यातलं काहीही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनाच दाखवायचं. एकाच कानातल्या आवाजामागे क्वचित नसेची गाठ निघते, त्यासाठी एमआरआय लागतो. ठोक्याबरोबरच्या आवाजात रक्तदाब आणि रक्तवाहिन्या बघतात.

आणि प्रत्येक वेळी बड्सच दोषी असतील असंही नाही. कानात मळ गच्च बसला असेल तरी कान वाजतो, तो काढला की अर्ध्या तासात माणूस खूष. बड्सच्या रबरी टोप्या मळ आत ढकलतात, हा त्यांचा खरा दोष. पावसाळ्यात घामट कानात दिवसभर टोपी राहिली की बुरशी धरते, कान खाजतो, दडा बसतो. एकाचे बड्स दुसऱ्याने वापरले तर हे एका कानातून दुसऱ्याच्या कानात जातं. टोप्या काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मगच बसवा. थायरॉईड, रक्त कमी असणं, जबड्याच्या सांध्याचं दुखणं, यानेही कान वाजू शकतो. काही औषधंही करतात : ॲस्पिरिनचा मोठा डोस, हिवतापावरचं क्विनाईन, अमिकासिन-जेन्टामायसिन-स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिसप्लॅटिन. अशी औषधं मनाने बंद करायची नाहीत, पण कान वाजायला लागल्याचं डॉक्टरांना लगेच सांगायचं.

औषध आहे का?

सरळ सांगायचं तर कायमची शिट्टी बंद करणारी गोळी आजच्या घडीला नाही. मोबाईलवर जाहिराती येतात, '३० दिवसांत कानातला आवाज गायब'. थेंब, तेल, गोळ्या, हजार-दोन हजारांची किट. पैसे घालवू नका. जिंको, झिंक असल्या गोळ्या टिनिटससाठी देऊ नयेत, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवलंय. बड्सऐवजी हाडातून ऐकवणारे, कानाबाहेर बसणारे इअरफोन घ्या असंही कुणी सुचवतं. त्यात कानाची नळी मोकळी राहते, ते ठीक. पण आवाज शेवटी त्याच कॉक्लियात जातो.

लसणाचं कोमट तेल, हायड्रोजन पेरॉक्साईड, काडी, गाडीची चावी, आठवडे बाजारात कान साफ करून देणारा माणूस, यातलं काहीच नको. कानात तेल घालून झोपणं हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार आहे, उपचार नाही. पडद्याला छिद्र असेल तर ते तेल सरळ मधल्या कानात उतरतं.

उपयोग होतो तो दुसऱ्या गोष्टींचा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र. बाहेरचे आवाज पुरेसे आत यायला लागले की बऱ्याच जणांची शिट्टी मागे पडते. रात्री खोली अगदी शांत ठेवू नका, पंखा किंवा हळू आवाजातला पावसाचा आवाज चालू ठेवा. शिट्टी पूर्ण झाकायची नाही, तिच्याइतकाच किंवा थोडा कमी आवाज पुरतो. त्रासामुळे झोप उडाली, चिडचिड वाढली, तर समुपदेशनाचा ठरलेला प्रकार आहे, कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. त्याने आवाज कमी होत नाही, त्रास कमी होतो, आणि तो होतो हे अभ्यासांत पुन्हा-पुन्हा दिसलंय. मोठ्या आवाजानंतर नवीनच सुरू झालेली शिट्टी अनेकांची काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप ओसरते, तेवढे दिवस कानांना विश्रांती मात्र द्यावी लागते. मन फारच खचलं, जीव नकोसा वाटला, तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन १४४१६ आहे, फोन मोफत, मराठीत बोलता येतं.

जगात साधारण १४ टक्के मोठ्या माणसांना कधी ना कधी हा त्रास होतो, असं २०२२ मध्ये 'जामा न्यूरोलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात होतं. एकूण मोठ्या माणसांतल्या दोनेक टक्क्यांना तो जास्त. बाकीचे त्याच्यासकट कामधंदा करतात.

मोबाईलमध्ये काय करायचं

आवाज ठरवायचा तो शांत खोलीत बसून. साठ टक्क्यांच्या आत ठेवा, हातभर अंतरावरून कुणी साध्या आवाजात बोललं तर ऐकू आलं पाहिजे. मग ट्रॅक्टरवर, एसटीत, बाजारात तो वाढवायचा नाही. ऐकू येत नसेल तर बंद करायचं. बऱ्याच अँड्रॉईड फोनमध्ये सेटिंगमधल्या साऊंड भागात आवाजाची वरची मर्यादा बांधून ठेवता येते, काहींत त्याला पिनही लावता येतो, पोरांच्या फोनला लावून टाका. आयफोनमध्ये 'हेडफोन सेफ्टी' नावाचा भाग आहे. फोन जेव्हा 'जास्त आवाजात जास्त वेळ ऐकू नका' असं दाखवतो तेव्हा आपण ओके दाबून पुढे जातो, ते एकदा वाचा. रील्समध्ये एकीचा आवाज बारीक, दुसरीचा एकदम मोठा, म्हणून रील्स बघताना आवाज अजून कमी पाहिजे. गोळीबाराच्या गेमलाही तेच. बड्स कानात घेऊन झोपू नका.

दाखवायचं कुठं

आधी लासलगावच्या ग्रामीण रुग्णालयात जा. मळ आहे का, कान वाहतोय का, रक्तदाब किती, हे तिथंच कळतं. ऑडिओमेट्री म्हणजे कानाच्या मोजणीसाठी नाशिकला जावं लागतं. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही जिल्हा रुग्णालयांमार्फत चालतो. मुंबईत वांद्र्याला केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, कान आणि वाचा याच विषयाची. श्रवणयंत्राची गरज निघाली आणि दिव्यांग प्रमाणपत्र असेल, तर एडिप योजनेतून यंत्र मिळण्याची सोय आहे, उत्पन्नाचा दाखला लागतो.

जाण्याआधी आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवा : आवाज कोणत्या कानात, सतत की अधूनमधून, शिट्टीसारखा की ठोक्यासारखा, कधी सुरू झाला, दिवसाला बड्स किती तास, ट्रॅक्टर किंवा ब्लोअर किती तास. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी रोटाव्हेटर, डीजे, बड्स बंद ठेवा, नाहीतर कान तात्पुरता बधिर असतो आणि मोजणी चुकीची येते.